कियांतीचा आंबटपणा, अकलूजचं ऊन, नागपूरची थंडी

लाल वाईन गोड असावी, दाट असावी, अशी आपल्याकडे बहुतेकांची अपेक्षा असते. इटलीच्या टस्कनी प्रांतातली कियांती यातली एकही पुरी करत नाही. रंग पातळ माणिकलाल. वासात आंबट चेरी, वाळलेला पाला, कधी चहाची पत्ती. घोट घेतला की आधी आंबटपणा उसळतो आणि मागून तुरटपणा येऊन जीभ कोरडी करतो, जांभूळ खाल्ल्यावर होते तशी. कियांतीची थोरवी मला या आंबटपणातच दिसते. त्याच्या जोरावर ती जेवणाच्या ताटाशी जमवून घेते, आणि तिच्या चांगल्या बाटल्या वर्षानुवर्षं टिकतात त्यातही त्याचा मोठा वाटा असतो.

फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या डोंगराळ मुलखाची सीमा तिसऱ्या कोसिमो द मेदिचीने 1716 मध्ये फर्मान काढून आखून दिली. इटलीचे पंतप्रधान राहिलेले बेत्तीनो रिकासोली यांनी पुढे 1872 च्या एका पत्रात या वाईनचं सूत्र मांडलं: मुख्य द्राक्ष सांजोव्हेसे, तिला मऊ करायला थोडं कानायोलो, आणि लवकर प्यायच्या वाईनमध्ये पांढरं माल्वाझिया. घोळ झाला तो या शेवटच्या द्राक्षाने. 1967 च्या सरकारी नियमांनी पांढऱ्या द्राक्षांची सक्तीच केली. वाईन पाणचट होऊ लागली, गवताच्या विणीत गुंडाळलेल्या फुगीर बाटलीतली स्वस्त कियांती जगभर गेली आणि नावाची पत घसरली. टस्कनीतल्या अंतिनोरी या वाईन घराण्याने आपल्या 1971 च्या ‘तिन्यानेल्लो’ वाईनवर कियांती हे नाव लावायचंच सोडलं, ते याच नियमांना कंटाळून. मला तो निर्णय धाडसाचा वाटतो आणि योग्यही. आज बाटलीवर काळा कोंबडा मिरवणाऱ्या ‘कियांती क्लासिको’त किमान 80 टक्के सांजोव्हेसे लागते आणि 2006 पासून पांढऱ्या द्राक्षांना बंदी आहे.

हीच सांजोव्हेसे सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात पिकते. मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेक्की या तीन घरांतल्या भावांनी मिळून इथे ‘फ्रातेल्ली’ उभी केली आणि टस्कनीतले अनुभवी वाईनकार पिएरो मासी यांना सोबत घेतलं. त्यांच्या ‘सेत्ते’ या वाईनमध्ये सांजोव्हेसेला काबर्ने सोव्हिन्योंची जोड मिळाली.

खरी कसोटी उन्हाची. द्राक्ष पिकताना साखर चढते आणि आम्ल उतरतं. रात्री उष्ण असल्या तर वेल त्यातलं मॅलिक आम्ल झपाट्याने खर्ची घालते. टस्कनीत सांजोव्हेसे सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात, तेव्हा डोंगरातल्या रात्री गारठू लागलेल्या असतात. आपल्याकडे वेलीला हिवाळी झोप मिळत नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, आणि तोडणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. ही छाटणीची विद्या आपल्या बागायतदारांची, आणि तिचं कौतुक बाटलीवरच्या लेबलापेक्षा जास्त व्हायला हवं. थंडीच्या रात्री फळाच्या वाट्याला येतात त्या तिच्यामुळे. तरीही अकलूजची वाईन कियांतीपेक्षा अधिक पिकलेली, अंगाने भरदार लागते. ती कियांतीची नक्कल करत नाही, हे मला आवडतं.

नागपूरकरांसाठी मुद्दा तापमानाचा आहे. मे महिन्यात 45 अंशांच्या झळांत कपाटात ठेवलेली बाटली फळाचा ताजेपणा गमावते आणि चव शिजल्यासारखी होते. ‘लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या गार घरांचा. आपल्याकडे फ्रीजमध्ये गार करून 16 अंशांच्या आसपास घ्यावी. डिसेंबर-जानेवारीत मात्र नागपूरची रात्र हे काम आपणच करते. वाईनविषयी बोलताना एक भान मात्र हवं. शेजारचा वर्धा जिल्हा गांधीजींच्या सेवाग्राममुळे दारूबंदीचा आहे आणि त्यामागचा विचार मला आदराचा वाटतो. वाईन हीही दारूच आहे; घ्यायचीच असेल तर बेतानं, जेवणासोबत.

सोबत काय? सावजी मटण नको. तिखटाची आग अल्कोहोलने वाढते आणि तुरटपणा आणखी कडक लागतो. दोन्ही चवी बिघडतात. त्याऐवजी हिवाळ्यात निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, मिरची हात राखून, किंवा टोमॅटोच्या रश्श्यातलं साधं मटण. टोमॅटोचा आंबटपणा पुष्कळ लाल वाईनना फिकं पाडतो. सांजोव्हेसे त्याच्यापुढे टिकते.