चित्रेचे वजन कोणी केले?

सूर्याचे वस्तुमान म्हणजे २ वर ३० शून्ये इतके किलोग्रॅम, असे आपण फळ्यावर लिहितो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. एका आकाशदर्शनाच्या रात्री चित्रेकडे बोट दाखवून एका शिक्षिकेने विचारले, "ही सूर्याच्या अकरापट जड म्हणता, पण हिला तराजूत घातले कोणी?" प्रश्न अगदी रास्त होता. पुस्तकात छापलेला आकडा आला कुठून, हे आपण विद्यार्थ्यांना क्वचितच सांगतो. खरे तर विज्ञान तिथेच असते.

सूर्याचे वजन पृथ्वीने केले आहे. पृथ्वी किती अंतरावरून आणि किती दिवसांत सूर्याभोवती फिरते, हे कळले की तिला धरून ठेवणारे ओढीचे बळ कळते आणि त्यावरून सूर्याचे वस्तुमान. म्हणजे वजन करायचे तर शेजारी फिरणारे कोणीतरी हवे. एकाकी ताऱ्याच्या बाबतीत केवळ अंदाज बांधावा लागतो. सुदैवाने चित्रा एकटी नाही.

चित्रा ही कन्या राशीतील सर्वांत ठळक तारका. चैत्राच्या पौर्णिमेला चंद्र हिच्या आसपास असतो, म्हणून तो चैत्र. अंतर सुमारे २५० प्रकाशवर्षे. नीट पाहिले तर तिचा निळसर पांढरा रंग जाणवतो. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल, मग पिवळे, मग पांढरे होते. निळसरपणा त्याच्याही पुढची पायरी. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, तर चित्रेचे २०,००० अंशांच्या बरेच वर.

दुर्बिणीतून पाहिले तरी चित्रा एकच ठिपका दिसते. पण १८९० साली जर्मनीतील पोट्सडाम येथे हेरमान फोगेल यांनी तिचा वर्णपट घेतला, तेव्हा त्यातल्या काळ्या रेषा जागेवर स्थिर नव्हत्या. त्या काही काळ निळ्या बाजूला आणि काही काळ लाल बाजूला सरकत. जवळ येणाऱ्या इंजिनाची शिटी चढी ऐकू येते आणि दूर जाणाऱ्याची उतरलेली, तसाच हा प्रकार. तारका आपल्याकडे येते, दूर जाते, पुन्हा येते. एक फेरी सुमारे चार दिवसांची. ती कोणाभोवती तरी फिरत होती.

इथे वर्गात फुगडी घालायला लावावी. एक दहावीची धिप्पाड मुलगी आणि एक पाचवीतली किरकोळ. दोघींची फेरी एकाच वेळी पूर्ण होते, पण मोठी जवळजवळ जागच्या जागी फिरते आणि लहानगीला मोठ्या वर्तुळात धावावे लागते. जी जितकी हलकी, तितकी तिची धाव जास्त. चित्रेच्या वर्णपटात पुढे जोडीदाराच्याही रेषा सापडल्या. एका तारकेचा वेग सेकंदाला सुमारे १२० किलोमीटर भरला, दुसरीचा सुमारे १९०. भागाकार केला तर १.६. म्हणजे एक तारका दुसरीच्या १.६ पट जड. एवढे तर नुसत्या वेगांवरूनच कळले.

मात्र त्यात एक अडचण आहे. फुगडी अंगणात उभे राहून पाहिली तर मुली आपल्याकडे येताना आणि दूर जाताना दिसतात. तीच शाळेच्या गच्चीवरून खाली वाकून पाहिली तर कोणी जवळही येत नाही आणि दूरही जात नाही. वर्णपट फक्त आपल्या दिशेतला वेग सांगतो. कक्षा किती कललेली आहे हे ठाऊक नसेल, तर खरा वेग कळणार नाही.

ही अडचण ऑस्ट्रेलियातील नॅराब्राय येथे सुटली. रॉबर्ट हॅनबरी ब्राऊन (यांचा जन्म आपल्याकडचा, निलगिरीतला) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन मोठे परावर्तक वर्तुळाकार रुळांवर बसवले होते. प्रत्येक परावर्तक २५२ लहान आरसे जोडून केलेला. दोन्हींवर पडणाऱ्या प्रकाशातील बारीक चढउतार कितपत जुळतात, यावरून ताऱ्याचा आकार आणि जोडीतले अंतर काढता येई. १९७१ साली चित्रेच्या कक्षेचा कल त्यांनी जाहीर केला. तो जमेस धरला की दोघींच्या खऱ्या वेगांची बेरीज सेकंदाला सुमारे ३५० किलोमीटर होते.

आता गणित आठवी-नववीचेच उरते. चार दिवस म्हणजे साधारण ३ लाख ४७ हजार सेकंद. गुणिले ३५०, म्हणजे परीघ सुमारे १२.१ कोटी किलोमीटर. त्याला ६.२८ ने भागले की दोन तारकांतील अंतर आले सुमारे १.९ कोटी किलोमीटर, म्हणजेच पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.१३ पट. केप्लरच्या नियमानुसार या संख्येचा घन करायचा आणि फेरीच्या काळाच्या वर्गाने भागायचे. काळ वर्षांत घ्यायचा, तो ०.०११. उत्तर १८ च्या आसपास येते. दोघी मिळून अठरा सूर्य! हे १.६ ला १ या प्रमाणात वाटले तर एक अकरा सूर्यांएवढी आणि दुसरी सात. तराजू हा असा. (कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे, ते आपण इथे सोडून दिले आहे.)

बुधसुद्धा सूर्यापासून यांच्या अंतराच्या तिप्पट लांब आहे. इतक्या जवळ आल्यामुळे दोघी एकमेकींना ओढून अंड्यासारख्या लांबट झाल्या आहेत आणि फिरताना त्यांचा प्रकाश थोडा कमीजास्त होत राहतो.

वजन कळले की आयुष्याचा अंदाज येतो. मोठी तारका सूर्याच्या सुमारे २०,००० पट प्रकाश देते, पण तिच्या गाठीला इंधन मात्र अकरापटच. असा उधळा संसार किती दिवस चालणार? सूर्याचे आयुष्य १,००० कोटी वर्षांचे, हिचे एकदोन कोटींचे. शेवट अतिनवताऱ्याच्या स्फोटात व्हावा, असा साधारण हिशेब आहे.

परंतु जोडीत हिशेब बदलतो. तारका म्हातारी होताना फुगते आणि इथे फुगायला जागाच नाही. दूध उतू जावे तसा तिचा बाहेरचा वायू जोडीदारावर सांडू लागेल. ययाति तारकासमूहातील अल्गोलमध्ये हे घडून गेलेले दिसते. तिथे हलका तारा वयस्क आणि जड तारा तरुण आहे, जे नियमाच्या उलट वाटते. आज हलका असलेला तारा पूर्वी जड होता आणि बरेचसे वस्तुमान त्याने जोडीदाराला देऊन टाकले, हे लक्षात आल्यावर कोडे सुटले.

अशा जोड्या अपवाद असतील असे वाटेल, पण तसे नाही. ह्यूग साना आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली सर्वांत तप्त वर्गातील ७१ ताऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरून अशा ताऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक कधी ना कधी जोडीदाराशी वस्तुमानाची देवघेव करतील असे निघाले. या देवघेवींपैकी एकतृतीयांशांत तर दोन्ही तारे एकमेकांत मिसळूनच जातील. एकट्या ताऱ्याची जी जीवनकहाणी आपण तक्त्यावर काढतो, ती जड ताऱ्यांच्या बाबतीत बहुधा लागूच होत नाही.

काही संसार मोडतातही. सारथी आणि कपोत या तारकासमूहांत एकेक निळा तारा सेकंदाला सुमारे १०० किलोमीटर वेगाने जवळजवळ विरुद्ध दिशांना पळत आहे. १९५४ साली ब्लाव आणि मॉर्गन यांनी त्यांचे मार्ग मागे नेऊन पाहिले. दोन्ही मृग नक्षत्रापाशी येऊन मिळाले, काळ सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीचा. दोन जोड्या एकमेकींच्या फार जवळ आल्या आणि त्या झटापटीत हे दोघे बाहेर फेकले गेले असावेत.

ज्या थोड्या जोड्या या सगळ्यातून टिकतात, त्यांत शेवटी दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत राहू शकतात. अशी दोन विवरे, सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट, एकमेकांत मिसळली तेव्हाची लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो उपकरणांनी टिपली. तसेच उपकरण हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली.

चैत्र-वैशाखात अंधार पडल्यावर सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवावी. आधी नारिंगी स्वाती लागते. कमान आणखी पुढे नेली की निळसर पांढरी चित्रा.