मीटिंग किती वाजता?

दारू सुटावी असं ज्याला मनापासून वाटतं, त्याला मुंबई-पुण्यात ‘एए’ची मीटिंग शोधणं अवघड नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या भारतातल्या संकेतस्थळावर पत्ते मिळतात. मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा व्यसनमुक्ती केंद्रात विचारलं तरी कळतं. सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइनही आहे. पत्ता साधाच निघतो: एखादी शाळा, चर्चच्या आवारातली खोली, समाजमंदिर. वेळ बहुधा संध्याकाळची. कामावरून सुटल्यावर पाय गुत्त्याकडे वळायचे, तीच.

खरं अंतर असतं ते फाटकापासून खोलीपर्यंतचं. ओळखीचं कुणी पाहील का, नाव-गाव लिहून घेतील का, वर उपदेश ऐकावा लागेल का, या विचारांत माणूस फाटकावरूनच परत फिरतो. एएचे नियम वाचले की वाटतं, ते याच घुटमळणाऱ्या माणसाला समोर ठेवून केलेत. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. सभासद व्हायला एकच अट: दारू सोडायची इच्छा. सोडलेलीच असली पाहिजे, असंही नाही.

शाळेतली मीटिंग असली तर मोठी माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली दिसतात. भिंतीवर एएच्या व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांचा फलक लावलेला असतो. मीटिंग संपली की तो गुंडाळून पिशवीत जातो. एकजण पहिलं नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक’ म्हणतो आणि बोलू लागतो. बायकोचं मंगळसूत्र कसं गहाण पडलं, पगाराच्या दिवशी घर कसं सापडलं नाही, मुलाच्या गॅदरिंगला कोणत्या अवस्थेत पोचलो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. कधी खोलीभर हसूही फुटतं, कारण बाटली लपवायच्या जागा सगळ्यांच्या सारख्याच निघतात. शेवटी खर्चासाठी पिशवी फिरते. ज्याला जमेल तो टाकतो. बाहेरच्यांची देणगी एए घेतच नाही.

उपदेश नसण्यामागे इतिहास आहे. न्यूयॉर्कचा शेअरदलाल बिल विल्सन याची दारू डिसेंबर १९३४मध्ये सुटली. पुढचे काही महिने तो दारुड्यांना गाठून गाठून समजावत राहिला. एकाचीही सुटली नाही. बायको लोइस हिनं मात्र त्याच्या ध्यानात आणून दिलं, की या खटपटीत तो स्वतः प्यायला नाही. मे १९३५मध्ये तो धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रनला गेला आणि काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत बारचा गलबला कानांवर येत होता. तो फोनकडे वळला, चर्चच्या यादीतले नंबर फिरवत राहिला. त्याला एखाद्या दारुड्याशी बोलायचं होतं. दुसऱ्या दिवशी भेटले डॉ. बॉब स्मिथ, पेशानं सर्जन. पंधरा मिनिटांपुरते आलेले डॉक्टर कित्येक तास बसले, कारण समोरचा माणूस शिकवत नव्हता, स्वतःचं सांगत होता. १० जून १९३५ला डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला. तोच एएचा स्थापनादिन.

म्हणजे त्या पहिल्या भेटीत जास्त गरज होती ती मदत करायला आलेल्याची. मला या संस्थेचं मर्म इथं दिसतं. नवख्याला वाटतं, आपण उपकार मागायला चाललोय. प्रत्यक्षात पंधरा वर्षं न प्यायलेल्या माणसालाही तो हवा असतो. त्याच्या हातांची थरथर पाहिली की आपण कुठून आलो, हे जुन्याला विसरता येत नाही.

भारतात एए १९५७मध्ये आली. मराठी माणसाला मात्र व्यसनमुक्ती म्हटलं की मुक्तांगण आठवतं. पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते १९८६मध्ये पुण्यात सुरू केलं. पण कुठल्याही केंद्रातला मुक्काम कधीतरी संपतो. पुन्हा तेच घर, तोच नाका, तेच मित्र. तिथं रोज संध्याकाळी जायला दुसरी जागा लागते.

पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे आणि काहींना तो खटकतो. तेवढ्यासाठी उठून जाऊ नये. ज्याला जसा समजेल तसा ईश्वर, अशी मुभा मूळ मजकुरातच आहे. कित्येकजण ग्रुपलाच ते स्थान देतात. आणि हे निव्वळ श्रद्धेवर चाललेलं नाही. वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत एएकडे नेणारे पद्धतशीर कार्यक्रम इतर रूढ उपचारांपेक्षा सरस ठरले.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्यानं मीटिंगच्या भरात एकदम दारू तोडू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर गाठावा. मीटिंग औषधाची जागा घेत नाही.

घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट आहे आणि नवरा पीत असतानाही बायकोला तिथं जाता येतं. एएच्या ‘खुल्या’ मीटिंगला नातेवाइकांना बसता येतं, ‘बंद’ मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची. फोनवर हे आधीच विचारून घ्यावं. एकट्यानं जायला धीर होत नसेल तर तसंही सांगावं. ग्रुपमधला कुणीतरी फाटकाशी येऊन थांबतो. आणि तालुक्याच्या गावी मीटिंगच नसेल तर? ऑनलाइन मीटिंगा आहेतच. शिवाय दारूपासून दूर राहण्यासाठी दोन अल्कोहोलिक एकत्र बसले तरी एएच्या नियमानुसार तो ग्रुप होतो. हेडमास्तरांकडे शाळेची एक खोली तासभर मागावी आणि वार ठरवावा.