टेस्टोस्टेरॉन : घेण्यापूर्वी विचारा

‘डॉक्टर, पूर्वीसारखा उत्साह राहिला नाही. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देऊन टाका!’ अशी मागणी हल्ली आम्हा डॉक्टरांकडे वरचेवर होते. कुणी मित्राचं ऐकलेलं असतं, कुणी जाहिरात पाहिलेली असते. म्हणून हा उपचार कुणासाठी आहे आणि कुणासाठी नाही, हे आज समजून घेऊ.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांचं मुख्य संप्रेरक. ते वृषणांत तयार होतं. पण किती तयार करायचं याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून येतो. दाढीमिशा, स्नायू, हाडांची बळकटी, रक्तातल्या तांबड्या पेशी आणि कामेच्छा या सगळ्यांत त्याचा वाटा असतो. १८८९ मध्ये पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार या नामवंत शास्त्रज्ञाने, वयाच्या ७२व्या वर्षी, प्राण्यांच्या वृषणांचा अर्क टोचून घेतला आणि आपली ताकद परत आल्याचं जाहीर केलं. त्या अर्कात संप्रेरक जवळजवळ नव्हतंच! खरं टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत तयार झालं ते १९३५ साली. तारुण्य परत मिळवण्याची आशा मात्र आजही तशीच आहे.

काहींना या उपचाराची खरोखर गरज असते. जन्मजात गुणसूत्रदोष, पीयूषिका ग्रंथीची गाठ, वृषणांना झालेली इजा, कर्करोगावरचे उपचार, किंवा वयात आल्यावर झालेल्या गालगुंडामुळे वृषणांना आलेली सूज, अशा कारणांनी संप्रेरक फारच कमी पडतं. अशा रुग्णांचं आयुष्य या औषधाने सुधारतं. वयाबरोबर होणारी थोडी घट ही मात्र वेगळी गोष्ट. थकवा तर रक्तक्षय, थायरॉईडचा विकार, मधुमेह, अपुरी झोप, नैराश्य यांमुळेही येतो. लठ्ठ माणसाने वजन उतरवलं की अनेकदा टेस्टोस्टेरॉन आपोआप वाढतं.

तपासणीबाबत एक पथ्य पाळा. रक्त सकाळी लवकर, उपाशीपोटी द्यावं, कारण दिवस चढतो तशी पातळी उतरते. ताप किंवा आजारपणातला अहवाल ग्राह्य धरू नये. आकडा कमी आला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खात्री करावी. साधारणपणे डेसिलिटरला ३०० नॅनोग्रॅमपेक्षा कमी पातळी दोनदा आली आणि जोडीला लक्षणंही असली, तरच उपचाराचा विचार होतो. त्याआधी दोष वृषणांत आहे की पीयूषिकेत, हेही शोधावं लागतं.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागलं, की पीयूषिका ग्रंथी आपला हुकूम थांबवते आणि वृषणांतली शुक्राणूंची निर्मिती मंदावते, कधी पूर्ण बंद पडते. पुरुषत्वाचं म्हणून घेतलेलं औषधच बाप होण्याच्या आड येतं! मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्यांत व्यायामशाळेतल्या सल्ल्याने इंजेक्शनं घेणारे तरुण मी पाहिले आहेत. त्यांच्या पत्नींच्या तपासण्या मात्र आधीच झालेल्या असतात. औषध थांबवल्यावर शुक्राणू बहुधा परत येतात, पण त्याला कित्येक महिने, क्वचित त्याहूनही अधिक काळ लागतो. नजीकच्या काळात मूल हवं असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. त्यासाठी वेगळी औषधं आहेत.

प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कर्करोग असणाऱ्यांनी, तसंच गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्यांनी हा उपचार टाळावा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या अभ्यासात हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसले नाहीत, हा दिलासा. पण हृदयाची अनियमित धडधड आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणं हे प्रकार अधिक आढळले.

उपचार चालू असताना रक्त दाट होत नाही ना, हे वेळोवेळी पाहावं लागतं. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेलं, तर औषध थांबवावं लागतं. प्रोस्टेटची तपासणी आणि रक्तदाब यांवरही लक्ष हवं. त्वचेवर जेल लावणाऱ्यांनी हात साबणाने धुवावेत आणि ती जागा कपड्याने झाकावी. नाहीतर अंगाखांद्यावर खेळणाऱ्या मुलाच्या शरीरातही ते औषध जाऊ शकतं.

हे टॉनिक नव्हे, संप्रेरक आहे. कमतरता सिद्ध झाली असेल तर संकोच न करता घ्या. नसेल तर मित्राच्या आग्रहाखातरही घेऊ नका.