लाल देवळाच्या आत

पुण्याच्या कॅम्पात रिक्षावाल्याला ‘लाल देऊळ’ एवढंच सांगा, तो बरोबर दारात सोडतो. हे देऊळ म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, सिनेगॉग आहे, हे आमच्या हिंगोली-परभणीकडच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. ससून दवाखाना मात्र सगळ्यांना माहीत. त्या दवाखान्याला देणगी देणारे, बगदादहून मुंबईत आलेले डेव्हिड ससून, यांनीच हे ‘ओहेल डेव्हिड’ बांधायला घेतलं. काम १८६३ ला सुरू झालं आणि १८६७ ला पुरं झालं. ससून १८६४ मध्येच वारले. त्यांची समाधी आवारातच आहे.

मी जवळा बाजारचा. आमच्या घरात गवंडीकाम पिढीजात, त्यामुळं माझी नजर आधी दर्जांवर, म्हणजे विटांच्या सांध्यांवर जाते. इथं लाल विटांची उघडी भिंत आहे, जोडीला आपला काळा दगड. गिलावा नसला की कामातलं काही झाकता येत नाही. एक थर वाकडा गेला तर तो इमारत पडेपर्यंत दिसतो. हे काम बघून हात जोडावेसे वाटतात. सुमारे नव्वद फुटांचा मनोरा, त्यावर घड्याळ, टोकदार कमानी. आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या इंग्रज लष्करी अभियंत्याचा, म्हणून लांबून चर्चच वाटतं.

ज्यू धर्मानं इमारतीच्या रूपाला फारसं बंधन घातलेलं नाही. जो देश, तिथले कारागीर आणि तिथलं सामान. स्पेनमधल्या टोलेडोच्या जुन्या सिनेगॉगला नालाच्या आकाराच्या कमानी आहेत. बुडापेस्टच्या १८५९ च्या भव्य सिनेगॉगवर घुमट मिरवणारे जुळे मनोरे आहेत. ॲमस्टरडॅमच्या १६७५ च्या सिनेगॉगमध्ये लाकडी जमिनीवर वाळू पसरतात. कोचीच्या परदेशी सिनेगॉगमध्ये हातानं रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या आहेत.

आतली मांडणी मात्र सगळीकडं ओळखता येते. जेरुसलेमच्या बाजूच्या भिंतीत, म्हणजे आपल्याकडं पश्चिमेला, एक कपाट असतं. त्यात तोराह या धर्मग्रंथाच्या हातानं लिहिलेल्या गुंडाळ्या. समोर अखंड दिवा. बहुधा मधोमध कठडा असलेला चौथरा; तिथून ग्रंथ वाचतात. जुन्या रीतीत बायकांसाठी वर सज्जा. देवाची मूर्ती नाही, तसबीर नाही. आमच्या औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला अरुंद वाटेनं खाली गाभाऱ्यात उतरावं लागतं. सिनेगॉगला गाभाराच नाही. मांडणी आहे ती वाचणाऱ्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. मला या वास्तूंचं खरं सौंदर्य मनोऱ्यापेक्षा या मोकळ्या जागेत दिसतं.

ससूनांच्याही आधीपासून कोकणात मराठी बोलणारे ज्यू होते, बेने इस्रायल. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद. म्हणून गावं त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्यातले सॅम्युएल इझिकेल दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग उभारलं. रेवदंडा, पनवेल, अलिबागची इस्रायल आळी, पेण, ठाणे इथं पुढं अशीच सिनेगॉगं उभी राहिली. त्यांना ससूनांचा थाट नाही, पण या मातीशी त्यांचं नातं अधिक जुनं आहे. या समाजानं अब्राहाम-योसेफाच्या कथांवर मराठीत कीर्तनं रचली. नामदेवांच्या नर्सीच्या जिल्ह्यातल्या माणसाला याहून जवळचं काय वाटणार?

आता बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली आहेत. सांभाळणारे हात थोडे आणि इमारती जुन्या. तरी मुंबईतलं काळा घोडा भागातलं १८८४ चं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग बघा. नीट अभ्यास करून त्याची दुरुस्ती झाली, २०१९ मध्ये ते पुन्हा खुलं झालं आणि युनेस्कोनं त्या कामाचा गौरव केला. कारागिराला वेळ आणि पैसा दिला तर जुनं काम उभं राहतं.

मराठवाड्यातल्या शाळांच्या सहली पुण्याला जातात. शनिवारवाड्याबरोबर लाल देऊळही दाखवा. आधी रीतसर परवानगी घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा, डोकं झाका आणि शनिवार टाळा. तो त्यांच्या प्रार्थनेचा दिवस आहे.