माथेरानची वाफेची इंजिने आणि जतनाचा प्रश्न

सर आदमजी पीरभॉय यांचे द्रव्यबळ आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांची चिकाटी यांतून उभा राहिलेला नेरळ–माथेरान लोहमार्ग मार्च १९०७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. रुळांमधील अंतर दोन फूट, लांबी सुमारे २१ किलोमीटर आणि चढण ठिकठिकाणी वीस फुटांस एक फूट. ओरेन्स्टाइन आणि कोप्पेल या जर्मन कारखान्याने बांधलेली चार इंजिने येथे पाऊण शतक राबली. १९५५ च्या सुमारास युंग कंपनीची डीझेल इंजिने आल्यावरही १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत ती सेवेत होती. त्यांतील जतन करण्याजोगे नेमके काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

चढ चढणाऱ्या इंजिनाची पकड त्याच्या चालक चाकांवर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. म्हणून सगळीच चाके दांड्यांनी परस्परांस जोडून सर्व भार कामी लावणे इष्ट ठरते. परंतु असे जोडलेले आस एकमेकांस समांतरच राहिले पाहिजेत, आणि तीन समांतर आसांची ताठ रांग तीव्र वळणावर रुळांत अडकते. निलगिरीच्या मार्गावर दातेरी रूळ घालून चढणीचा प्रश्न सोडविला गेला; दार्जिलिंगला दोनच आसांची आखूड इंजिने वापरली गेली. बार्शी लाइट रेल्वेची आखणी करणारे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हे माथेरानच्या मार्गाचेही सल्लागार अभियंते होते. येथे सहा जोडलेली चाके ठेवून वळणाची अडचण आसातच मिटविण्यात आली.

ही योजना क्लीन आणि लिंडनर या सॅक्सन अभियंत्यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात पुढचा व मागचा हे दोन्ही आस दुहेरी असतात. आतला भरीव आस सांगाड्यात पक्का बसविलेला असून दांड्या त्यालाच फिरवितात. तो आपली समांतर दिशा कधीही सोडत नाही. त्याच्याभोवती एक पोकळ आस असतो आणि चाके या बाहेरच्या आसावर असतात. दोहोंचा सांधा मध्यभागी गोलकाच्या रूपाने असल्यामुळे फिरण्याची गती चाकांपर्यंत पोहोचते, पण पोकळ आस वळणाच्या कलाने थोडा तिरपा होऊ शकतो. दांड्यांना वळण आल्याचे जणू कळतच नाही! मात्र झिजणारा भाग नेमका आत दडलेला. तो पाहायचा तर चाकांसह आस काढून उकलावा लागतो.

क्रमांक ७३९ चे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक नेरळला चौथऱ्यावर उभे आहे. प्रेक्षकाला त्यात रंगविलेला बॉयलर, धुराडे आणि दांड्या दिसतात. आस दिसत नाही. क्रमांक ७४० इंग्लंडमध्ये गेले आणि दुरुस्तीनंतर लेटन बझर्ड येथील अरुंद मार्गावर पुन्हा वाफेवर धावले. चालत्या इंजिनाचे भाग बदलावे लागतात, त्यामुळे मूळ धातू हळूहळू नाहीसा होतो, हा आक्षेप खरा आहे. तथापि आस उकलण्याची विद्या चालत्या इंजिनामुळेच कोणाच्या तरी हातांत राहते. उभे इंजिन वस्तू राखते, चालते इंजिन कसब राखते; दोन्ही एकत्र साधणे दुर्घट.

२००१ मध्ये माथेरानला वाफ परतली, ती दार्जिलिंगहून आणलेल्या व तेलावर चालणाऱ्या ७९४ क्रमांकाच्या इंजिनाच्या रूपाने. हे इंजिन मोलाचे खरे, पण दोन आसांचे. माथेरानची मूळ युक्ती त्यात नाही. अलीकडे तर मध्य रेल्वेने डीझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचे बाह्यरूप दिले आहे. प्रवाशांना ते आवडते, यात गैर काही नाही. मात्र त्यास जतन म्हणणे शब्दाचा अर्थ फार सैल करणे होय.

भाषेने केलेले जतन याहून चोख म्हणावे लागेल. आग विझली तरी ‘आगगाडी’ राहिली, आवाज थांबला तरी ‘झुकझुक’ राहिली. घाटातील एका थांब्याचे नाव आजही ‘वॉटर पाइप’ आहे, कारण तेथे इंजिने पाणी घेत. नेरळच्या इंजिनाशेजारी क्लीन–लिंडनर आसाचा एक छेद दिलेला नमुना ठेवता आला, तर आत काय दडले आहे हे निदान एका ठिकाणी डोळ्यांना दिसेल. त्यासाठी इंजिन पुन्हा चालू करण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.