मोठा पडदा की मोठा खर्च? मुलांच्या खेळयंत्राचा घरगुती हिशेब



आमचे दाजी दुबईला वेल्डर आहेत. दोन वर्षांनी ते सुट्टीवर येत आहेत. येताना मुलांसाठी काय आणू, असे त्यांनी फोनवर विचारले आणि घरात वादाला तोंड फुटले. नववीतल्या भाच्याने हातात धरून खेळण्याचे व्हिडिओ गेमचे यंत्र मागितले, तेही सर्वांत मोठ्या पडद्याचे. ताई म्हणाली, आणायचेच तर सर्वांत लहान आणि स्वस्त आणा. सहावीतल्या भाचीला कोणी विचारलेच नाही. शेवटी ताईचा आम्हाला निरोप आला, "दादा, तुम्ही बी.कॉम. आहात ना? मग हिशेब करून सांगा, मोठे परवडते की लहान." तो हिशेब इतर पालकांच्याही उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडत आहोत.

खेळ म्हणजे वेळेची नासाडी, असे आम्ही म्हणणार नाही. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी. म्हणजे आनंदाला घरात जागा आहे, पण ती चारातल्या एका भागातच आहे. प्रश्न त्या भागात काय बसते, एवढाच.

भाच्याला हवे होते ते जपानच्या निन्टेंडो कंपनीचे 'स्विच' यंत्र. त्याचे आकार असे : २०१७ साली आलेल्या मूळ यंत्राचा पडदा ६.२ इंच. २०१९ च्या 'लाईट'चा ५.५ इंच. २०२१ च्या 'ओएलईडी'चा ७ इंच. आणि २०२५ च्या 'स्विच २'चा ७.९ इंच. अमेरिकेत बाजारात आले तेव्हाचे त्यांचे दर याच क्रमाने सुमारे ३००, २००, ३५० आणि ४५० डॉलर होते. म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे यांच्या किमतीत दुपटीहून अधिक अंतर.

आता जमेची बाजू पाहू. मोठ्या पडद्यावर बारीक अक्षरे नीट वाचता येतात. यंत्र डोळ्यांपासून थोडे लांब धरता येते. टेबलावर टेकवून ठेवले तर दोघांना शेजारी बसून पाहता येते. शिवाय नव्या यंत्रासाठी निघालेले गेम जुन्या यंत्रावर चालत नाहीत, उलट जुने बहुतेक गेम नव्यावर चालतात. भाच्याचे हे म्हणणे खरे आहे आणि ते आम्ही मान्य केले.

आता खर्चाची बाजू. पहिली बाब वजनाची. 'लाईट' सुमारे २७५ ग्रॅमचे, तर 'स्विच २' कळांसह सुमारे ५३४ ग्रॅमचे. अर्धा किलोहून जास्त वजन तासभर हातात धरले तर मुलाचे मनगट दुखणारच. दुसरी बाब बॅटरीची. मोठे यंत्र जास्त वेळ चालत असेल, असे आपल्याला वाटते. परंतु कंपनीच्याच आकड्यांनुसार 'स्विच २' एका चार्जिंगमध्ये गेमप्रमाणे २ ते साडेसहा तास चालते, आणि 'ओएलईडी' साडेचार ते ९ तास. तिसरी बाब सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ५.५, ६.२ आणि ७ इंच या तिन्ही पडद्यांवर चित्राचे ठिपके सारखेच आहेत, आडवे १२८० आणि उभे ७२०. 'ओएलईडी'चे रंग गडद दिसतात हे खरे, परंतु आकार वाढला म्हणून चित्रातला बारकावा वाढला असे नाही. ठिपके वाढले ते 'स्विच २'मध्ये.

मोठे तेच चांगले, हा समज जुनाच आहे. १९८९ साली याच कंपनीने 'गेम बॉय' काढला. त्याचा पडदा लहान, तोही रंगीत नव्हता. पुढच्याच वर्षी जपानमध्ये सेगा कंपनीने मोठ्या आणि रंगीत पडद्याचा 'गेम गियर' आणला. पण त्याला सहा सेल लागत आणि ते काही तासांतच संपत. 'गेम बॉय' मात्र चार सेलवर कितीतरी अधिक वेळ चाले आणि स्वस्तही होता. 'गेम बॉय' व त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून अधिक यंत्रे खपली. मोठ्या पडद्याचा 'गेम गियर' त्याच्या जवळपासही पोहोचला नाही.

मग ताई म्हणते तसे सर्वांत लहान घ्यावे काय? येथेच आमचा हिशेब अडला. 'लाईट' टी.व्ही.ला जोडता येत नाही आणि त्याच्या कळा सुट्या होत नाहीत. म्हणजे ते एकट्याने खेळायचे यंत्र आहे. ते मुलाच्या दप्तरात जाईल आणि भाची त्याच्या खांद्यावरून डोकावत बसेल. बाकी यंत्रांच्या दोन्ही बाजूंच्या कळा निघतात. एक भावाच्या हातात, एक बहिणीच्या. पुष्कळ गेम असे दोघांना मिळून खेळता येतात. स्त्रियांनी किती प्रगती केली यावरून समाजाची प्रगती मोजणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी आहोत. मग तोच मापदंड आपल्या घरातल्या खेळण्याला का लावू नये?

आणि ताईच्या घरी भिंतीवर टी.व्ही. आहेच. जोडणीचा डबा बरोबर असला की मूळ 'स्विच' त्याला जोडता येते. मग ७.९ इंचांसाठी दीडपट पैसे कशाला? मोठा पडदा घरात आधीच आहे. ज्यांच्याकडे टी.व्ही. नाही, किंवा घरातल्या कोणाची दृष्टी अधू आहे, त्यांनी मोठ्याचा विचार जरूर करावा. परंतु हप्त्यावर कोणीही घेऊ नये. हप्ता हा चौथ्या भागातून जातो, आणि तो भाग आजारपणाचा व शिक्षणाचा असतो.

आम्ही दाजींना कळवले : मूळ ६.२ इंची घ्या, वापरलेले चांगले मिळाले तरी चालेल. मात्र कळांच्या दांड्या हात न लावता आपोआप सरकत नाहीत ना, हे दुकानातच पाहा. ही तक्रार सर्वत्र परिचित आहे. गेम शक्यतो कार्डावरचे घ्या. ते मित्रांत अदलाबदल करता येतात, विकताही येतात. डाउनलोड केलेला गेम असा विकता येत नाही. रोजच्या खेळाला मर्यादा घालण्यासाठी कंपनीचे मोफत मोबाईल अ‍ॅप आहे, ते ताईच्या फोनमध्ये टाकून द्या. मोठ्या यंत्रासाठी जे पैसे काढले होते, त्यांतून उरलेली रक्कम भाचीच्या नावाने पोस्टात ठेवा.

भाचा दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला, "मामा, एक कळ माझी ना?" आम्ही म्हणालो, "हो, आणि पोस्टातले पासबुकही तुझेच."