संकल्प : देश, काल आणि पादांश

धार्मिक कृत्याच्या आरंभी जो संकल्प सोडला जातो, त्यात कर्त्याच्या नावाआधी देश आणि काल यांचा उच्चार असतो. ३१ डिसेंबरच्या रात्री केलेल्या संकल्पांतून नेमका हाच भाग गळतो. ‘आजपासून रात्रीचे जेवण बंद’, ‘तंबाखूला हात लावणार नाही’ असे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सांगणारे रुग्ण जळगाव-धुळ्याच्या वैद्यांस नवे नाहीत. संक्रांतीनंतर त्यांतील बरेच जण त्याविषयी बोलेनासे होतात. हा दोष केवळ मनोबलाचा आहे, असे आम्हांस वाटत नाही.

प्रथम काल पाहू. १ जानेवारी म्हणजे हेमंताचा उत्तरार्ध. या ऋतूत अग्नी बलवान असतो आणि त्यास पुरेसे इंधन न मिळाल्यास तो शरीरातील रसाचेच शोषण करतो, परिणामी वात वाढतो, असे चरकसंहितेच्या तस्याशितीय अध्यायात सांगितले आहे. खानदेशात याच दिवसांत शेताशेतांवर भरताचे बेत होतात. कळण्याची भाकरी आणि तेलाची सढळ धार ऋतूला धरूनच आहे. तेव्हा उपासाचा संकल्प या काळी मोडला, तर रुग्णापेक्षा मुहूर्तालाच बोल लावावा लागेल! अर्धशक्ती व्यायामास मात्र शीतकाळ व वसंत हेच योग्य. म्हणून चालण्याचा संकल्प जानेवारीत द्यावा आणि लघु आहाराचा गुढीपाडव्याच्या सुमारास, कफ पातळ होऊ लागल्यावर. येथे देशाचाही विचार हवा. आपल्याकडे पाडव्यानंतर पारा चाळिशी ओलांडतो. व्यायाम पहाटे उरकावा आणि आखाजीपर्यंत उतरता ठेवावा. एरवीही खानदेशात वर्षारंभ एकच नाही. सालदाराचे साल आखाजीला सुरू होते, व्यापाऱ्याची नवी वही दिवाळीत पुजली जाते. रुग्णाला त्याच्या कामाच्या वर्षाशी जुळणारा दिवस निवडू द्यावा.

दुसरा प्रश्न मात्रेचा. सवयीचे झालेले अहितकर एकदम सोडू नये, हा नियम चरकाच्या नवेगान्धारणीय अध्यायात आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात चौथ्या किंवा सोळाव्या हिश्श्याने, एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवून सोडण्याचा क्रम दिला आहे. दिवसाला आठ कप चहा घेणाऱ्याने प्रथम दोन कमी करावेत, त्यांच्या जागी हितकर पेय घ्यावे, ते अंगवळणी पडल्यावर पुढचे दोन सोडावेत. अशा क्रमाने गेलेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत व आलेले गुण टिकतात, हे चरकाचे आश्वासन आहे. तंबाखूच्या रुग्णास पुड्यांचा हिशेब कागदावर लिहून द्यावा. तोंडी सल्ला दवाखान्याच्या पायरीवरच विरतो.

मद्याच्या बाबतीत विशेष सावधानता हवी. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने वर्षारंभाच्या उत्साहात दारू एकाएकी बंद केली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कंप, झटके, भ्रम अशी प्राणघातक लक्षणे उद्भवू शकतात. अशा रुग्णाचे कौतुक करून त्याला घरी पाठवू नये. त्याने रुग्णालयाच्या देखरेखीखालीच मद्य सोडावे. औषधी दुकानात ‘दारू सोडवणारे’ चूर्ण मागणाऱ्या घरच्यांनाही दुकानदाराने एवढे सांगावेच.

उरला प्रश्न दिशेचा, आणि तो आपल्यालाही लागू आहे. तिस्रैषणीय अध्यायात प्राणैषणा, धनैषणा व परलोकैषणा असा क्रम आहे. प्राण गेल्यास सर्वच गेले, म्हणून ती पहिली. दुपारी तीनला जेवणारा आणि रात्री अकराला दवाखाना बंद करणारा वैद्य हा क्रम उलटा करून बसलेला असतो. जानेवारीत दर्शनी फळीवर वजन घटविण्याची चूर्णे मांडणारा औषधविक्रेताही त्याच वाटेवर असतो. धनैषणा निंद्य नाही. चरकाने वृत्तीची साधने मोकळेपणाने सांगितली आहेत. परंतु जेवणाची वेळ पाऊण तास अलीकडे आणणे, ती आठवडाभर टिकल्यावर आणखी पाऊण तास, हा पादांश वैद्याने प्रथम स्वतःवर लावून पाहावा. त्या वेळेची पाटी दवाखान्याच्या दारावर लावली, तर रुग्णही ती पाळतात.